कंकणद्वीपावरचा मुराळी

सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला जो जातो, त्याला मुराळी म्हणतात. काम सोपं असतं. आंब्याची पेटी नाहीतर एखादा बरा फणस घेऊन जायचं, त्यांच्या ओटीवर बसायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं, पान खायचं आणि उठता उठता घरातल्या मोठ्या माणसाला म्हणायचं, "पोरीला चार दिवस पाठवा." पोरीला विचारायचं नसतं. ती आत ऐकत असते आणि ऐकता ऐकता पिशवी भरत असते. बहिणींच्या वेळी हे काम मी केलं होतं आणि दोघींनाही घेऊनच घरी आलो होतो. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर यंदा मे महिन्यात मी मालदीवला गेलो.

आमची मुग्धा सासरी नव्हती, तिचं लग्नच झालेलं नाही. ती पायलट आहे. हे वाक्य मालवणात उच्चारायला आम्हा नवराबायकोला फार आवडायचं. शिक्षण संपल्यावर तिला नोकरी मिळेना आणि दोन वर्षं ती घरी बसली, तेव्हा ते आम्ही जरा हळू आवाजात उच्चारू लागलो. मग एक दिवस तिने जाहीर केलं की मालदीवमध्ये एक छोटी कंपनी आहे, पाण्यावर उतरणारी तिची विमानं आहेत आणि तिथे सहवैमानिक म्हणून आपल्याला घेतलंय. आधी काही महिने बघतील, मग कायम करतील. पगार विचारला तर तो आमच्या शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या आसपास होता. "मग कित्याक जातस?" असं तिच्या आईने विचारलं. मुग्धा म्हणाली, "थंय बरां आसा."

आता आम्ही मालवणची माणसं. समुद्र आमच्या परसात आहे. पुण्यामुंबईचे लोक रजा टाकून, पैसे मोजून आमच्याकडे माड आणि वाळू बघायला येतात. तीच वाळू आणि तेच माड बघण्यासाठी आमची मुलगी परदेशी जाणार, तेही तुटपुंज्या पगारावर, हे गावात कोणाला समजावून सांगायचं? आम्ही "अनुभवासाठी गेलां" एवढंच सांगत होतो.

त्यातच आपल्या इकडच्या एका मोठ्या विमान कंपनीकडून तिला बोलावणं आलं. पगार घसघशीत, गणवेश, टोपी, खांद्यावर पट्ट्या. होय की नाही ते पंधरा दिवसांत कळवायचं होतं. मुग्धाने आम्हाला फोनवर सांगितलं, नाही म्हणणार.

माझी बायको शुभदा पंचायत समितीत नोकरीला आहे, त्यामुळे तिच्या निर्णयांना जावक क्रमांक असतो. ती एवढंच म्हणाली, "तुमका सुट्टी आसा. जावा आणि हात धरून घेवन येवा." शेजाऱ्यांकडे गेलेलं स्वतःचं मांजर मला परत आणता येत नाही, हे तिला माहीत आहे. पण दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

माले

मोप्याच्या विमानतळावरून निघून, मध्ये एकदा विमान बदलून मी मालेला उतरलो. त्या देशात दारू न्यायला सक्त मनाई आहे. मला त्याची काळजी नव्हती, मी आयुष्यात ताकाच्या वर गेलेलो नाही. पण शुभदाने बॅगेत आगळाची बाटली भरली होती. कोकमाचं आगळ काळपट लाल असतं आणि ते भरायला आमच्या घरी सापडलेली एकमेव रिकामी बाटली कुठल्या पाहुण्याने कधी मागे ठेवली होती, देव जाणे. तिचा आकार बोलका होता.

कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने ती उजेडात धरली. हे काय? मी म्हटलं, फळाचा रस. गोड? नाही, खारट. खारट फळाचा रस? त्याच्या भुवया वर गेल्या. आमच्याकडे हे नारळाच्या दुधात घालून भाताबरोबर पितात, असं मी सांगू लागलो आणि सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटू लागलं. शेवटी एक बूच भरून मी त्याच्यासमोर प्यायलो. निव्वळ आगळ घशाखाली उतरताना माणसाचं तोंड जसं होतं, तसं माझं झालं. ते तोंड बघून त्याची खात्री पटली. कुणी मजेसाठी पिईल असली ती वस्तू नव्हती. हापूसच्या पेटीचा त्याने नुसता वास घेतला आणि मला सोडलं.

बाहेर मुग्धा उभी होती. गेली त्यापेक्षा दोन छटा काळी, केस कापलेले, पायात रबरी चपला. तिने मला मिठी मारली. आमच्या घरात मिठीची पद्धत नाही, त्यामुळे माझे हात कुठे ठेवायचे हे मला सुचलं नाही आणि एका हातातली आंब्याची पेटी तिच्या पाठीवर आपटली.

"बाबा, तू माका न्हेवक इलस मा?" तिने विचारलं.

"नाय गो, बघूक इलंय," मी म्हटलं. पहिल्याच दिवशी खोटं.

बेटावर

तिचं बेट मालेपासून काही तास बोटीच्या अंतरावर. गाव एवढंसं, रस्ते पांढऱ्या वाळूचे आणि रोज झाडलेले. घरांसमोर लोखंडी चौकटींना जाळीच्या झोळ्या टांगलेल्या. माणसं संध्याकाळी त्यांत पडून गप्पा मारतात. आमच्याकडे जाळं मासळीसाठी असतं. इथे माणसं स्वतःच जाळ्यात जाऊन बसतात आणि खूश असतात.

मुग्धा ज्यांच्याकडे राहते त्या आमिनाथबाई विधवा, वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी सकाळी जे पुढ्यात ठेवलं ते बघून मला घरच्या आठवणीने भरून आलं आणि लगेच घरचा अभिमानही जागा झाला. शिजवलेला टुना कुस्करून त्यात ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू; बरोबर पातळ रोशी, म्हणजे आपली चपातीच. नारळ खवायला बसतात ती त्यांची बैठकही आमच्या विळीची थेट चुलतबहीण. पण दुपारी आलं माशाचं निव्वळ पाणी. उकडलेला मासा, वर तरंगणारं पारदर्शक पाणी आणि भात. ना तिरफळ, ना कोकम, ना वाटण. इतका ताजा मासा आणि त्याला नुसती आंघोळ घातलेली. मी आमिनाथबाईंना खुणेने विचारलं, वाटण? त्यांनी मला खुणेने विचारलं, कशाला? मी त्या भातावर थोडं आगळ घातलं. त्यांनीही चवीला घातलं. बाईंचं तोंड कस्टमच्या साहेबासमोर झालेल्या माझ्या तोंडासारखं झालं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली आपणहून मागितली.

मुग्धाची खोली बघितली. एक पलंग, एक सायकल, खिळ्याला लटकवलेला पांढरा शर्ट. विमानं अंधारात उडत नाहीत, म्हणून ती सूर्य बुडायच्या आत मोकळी. मग ती थेट पाण्यात जायची. तिला लांबवर पोहताना बघत मी काठावर उभा राहायचो आणि मनात माझं भाषण पाठ करायचो. मुद्दे चांगले होते. वर्गात मी त्याहून वाईट मुद्द्यांवर तास काढलेले आहेत.

तिनेच सांगितलं की गुरुवारी तिची परीक्षा आहे. मुख्य वैमानिक कॅप्टन नसीर शेजारी बसणार, ती विमान उतरवणार, आणि त्यांना पटलं तर कायम. म्हणजे जे काही करायचं ते मला गुरुवारच्या आत करायला हवं होतं.

वरून

सोमवारी तिने मला तिच्या विमानात बसवलं. पाहुणे म्हणजे रिसॉर्टवर निघालेली गोरी जोडपी आणि पाठीमागे मी, मांडीवर पिशवी घेऊन. विमानाच्या पायांना दोन लांब होड्या बांधलेल्या. आमची पायलट अनवाणी आली, चड्डी गुडघ्यापर्यंत, होडीवरून तोल सांभाळत चालली, दोर सोडला आणि आत चढली. मी डोळे मिटून सगळ्या ग्रामदेवतांची नावं घेतली. एक-दोन शेजारच्या गावच्याही घेतल्या.

डोळे उघडले तेव्हा खाली कंकणद्वीप होतं.

शाळेत इतकी वर्षं मी फळ्यावर कंकणद्वीप काढत आलोय. एक सुबक वर्तुळ, आत निळा खडू, बाहेर निळा खडू. प्रवाळांची बांगडी, मुलांनो. प्रत्यक्षात ती बांगडी कासाराच्या दुकानात फुटून विखुरलेली. इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, मध्येच हिरवं, मध्येच दुधाळ, मध्येच काळं निळं खोल. एकही वर्तुळ नाही. मी किती मुलांचे गुण त्या वर्तुळासाठी कापले असतील, या विचाराने मला वर आकाशात घाम फुटला.

पाण्यावर उतरताना एक मोठा हादरा, मग फसफस, आणि आम्ही होडी झालो. मुग्धा दार उघडून होडीवर उतरली, वाकली, आणि डुलत्या तराफ्याला पहिल्याच फेकीत दोर अडकवला. मग तिने पाहुण्यांच्या बॅगा उतरवल्या. माझी मुलगी, पायलट, बॅगा उतरवते. एका गोऱ्या बाईने तिला हात दाखवून बोलावलं, आणि ती हसत गेली.

ते हसणं मी बघितलं. पण मी निश्चय करून गेलो होतो. मी मनात म्हटलं, हसूक काय, माणूस खंयय हसता.

ओटी

मंगळवारी ती कामावर गेल्यावर मी आंब्याची पेटी उचलली आणि कॅप्टन नसीरांच्या घरी गेलो. मुलीला विचारलं नाही. मुराळी विचारत नाही.

घराला ओटीसारखीच जागा होती. कॅप्टन टकलू, माझ्याच वयाचे, चेहरा उन्हाने भाजलेला. त्यांनी तबकात सुपारीची पातळ कातरण आणि लवंग पुढे केली, तेव्हा मला वाटलं, निम्मं काम झालं. सुपारी असलेल्या घरात कोण नाही म्हणतो? मी पेटी उघडली. आम्ही पावसाचं बोललो. त्यांना हिंदी सिनेमांपुरती हिंदी येत होती, मला शाळेपुरती इंग्रजी. दोघांचं मिळून एक माणूस बरा बोलला असता.

उठताना मी बोललो. मुलीला तिच्या घरी चांगली नोकरी आली आहे. आई वाट बघते. तुम्ही इथले मोठे. तुम्ही तिला पाठवा.

कॅप्टननी आंबा हुंगत सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की त्यांनी कोणालाही बांधून ठेवलेलं नाही. घरचे न्यायला आले असतील तर तिने जरूर जावं. अशा जागेसाठी रांग आहे, याहून कमी पैशांत यायला तयार असलेली मुलं आहेत.

मी विजयी होऊन निघालो खरा, पण त्यांच्या फाटकापर्यंत पोचलो आणि मला राग आला. रांग? आमच्या मुग्धाच्या जागेवर रांगेतलं कुणीही? जिला न्यायला मी आलो होतो तिला यांनी इतक्या सहज सोडावं, हे मला अजिबात आवडलं नाही. व्याह्यांनी निदान एकदा तरी "आत्ताच कशाला?" म्हणायला हवं.

संध्याकाळी मुग्धा पोहायला गेली नाही. पलंगावर बसून राहिली. धक्क्यावरच्या कंपनीच्या फळ्यावर गुरुवारसमोरचं तिचं नाव पुसलं होतं. तिथे दुसऱ्याचं लिहिलं होतं.

"बाबा, तू नसीरकडे गेल्लस?"

"गेल्लंय."

"माका इचारलस नाय."

"इचारलां असतां तर तू नाय म्हटलां असतस."

"म्हणान इचारलस नाय?"

पाठ केलेल्या भाषणात हा प्रश्न नव्हता.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी बाप झालो असतो आणि काम सोपं झालं असतं. ती नुसती सांगत राहिली. मोठ्या विमानात जाऊन बसलं की बंद दारातून बंद दारापर्यंत जायचं. इथे रोज सकाळी उठून पाणी बघावं लागतं. वारा कुठून, लाट केवढी, खडक किती खाली. रोज वेगळं. "थंय विमान आपणच उडता, बाबा. हयसर माका उडवचां लागता." मग ती म्हणाली, आपण जाऊ. मी तिकडे होय कळवते. आता इथे काय राहिलं?

म्हणजे ज्या कामासाठी मी आलो होतो ते झालं होतं. होडी पकडायची आणि घरी जायचं. मी झोळीत जाऊन पडलो आणि मला कळलं की एवढं यश मिळूनही ते मला गोड लागेना. पोर पिशवी भरत होती. मी ज्या बहिणींना आणायला गेलो होतो, त्याही पिशवी भरत होत्या. पण त्या गाणं गुणगुणत भरत होत्या.

पुन्हा ओटी

बुधवारी सकाळी मी पुन्हा कॅप्टन नसीरांच्या पायरीवर होतो, या वेळी रिकाम्या हाताने. मी म्हटलं, काल मी चुकीचं बोललो. शब्द परत घेतो. तिला परीक्षेला बसवा.

कॅप्टन म्हणाले, बसा. मग त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं, हीच अडचण होती. त्यांच्याकडे पूर्वी अशी मुलं येऊन गेली होती. समुद्रासाठी येतात, मजेत राहतात, मग घरून कोणीतरी हात धरतं आणि ती भर हंगामात निघून जातात. मागे राहिलेल्यांना त्यांच्याही फेऱ्या कराव्या लागतात. "जिचं घर तिला ओढतंय, तिला मी कायम करत नाही. तुमच्या घरात कोणाचा शब्द चालतो?"

खोटं बोलण्यासारखी जागाच नव्हती. मी म्हटलं, बायकोचा.

"मग त्यांना विचारा."

मुग्धाला बोलावलं. ती दारात उभी राहिली, आत येईना. मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. शुभदा पंचायत समितीच्या व्हरांड्यात असावी, मागे कुणाच्या तरी दाखल्याची कटकट ऐकू येत होती.

"निघालात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. झालेलं सगळं सांगितलं. पेटी, फळा, रांग. आणि म्हटलं, "शुभा, माका तुजो होकार होयो. आपलां चेडू हयसर रवांदे."

त्यानंतर मला जे ऐकावं लागलं त्याचा गोषवारा असा, की मला पाठवण्यापेक्षा रजिस्टर पोस्ट केलं असतं तर पोच तरी मिळाली असती. कॅप्टननी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, विचार करते आहे.

मग तिने फोन मुग्धाकडे द्यायला सांगितला.

"बाय, खरां सांग. थंय तुका आपलां कोण नाय. सण नाय, वार नाय. धड पगार नाय. कित्याक रवतस?"

मुग्धा म्हणाली, "आई, दोन वर्सां मी घरात होतंय तेव्हा माका सकाळी उठाचांच वाटा नाय. हयसर सगळ्यांच्या आधी उठतंय."

त्या दोन वर्षांत मी सकाळी शाळेत निघून जायचो. मुग्धाच्या बंद दाराबाहेर चहा ठेवून ऑफिसला जाणारी आणि दुपारी येऊन तोच गार कप उचलणारी शुभदा होती. मी ते विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

"तेंका फोन दी," ती म्हणाली.

मग ती कॅप्टन नसीरांशी सरकारी कामाच्या हिंदीत बोलली. मुलगी तुमच्या पदरात घातली आहे, असं ती म्हणाली. पदर म्हणजे काय हे त्यांना कळलं नसावं, पण ते उठून उभे राहिले. तिने पुढे सांगितलं की मुग्धाला ओल्या केसांनी वाऱ्यात बसू देऊ नका, तिला लगेच सर्दी होते. की ती उपाशी राहते आणि सांगत नाही. आणि घर तिला ओढणार नाही, हा माझा शब्द. कॅप्टन प्रत्येक वाक्याला "जी मॅडम" म्हणत होते. फोन ठेवल्यावर ते बाहेर पडले आणि धक्क्याकडे गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी फळ्यावरचं गुरुवारचं नाव अंगठ्याने पुसलं आणि तिचं लिहिलं. स्पेलिंग बरोबर होतं. मी तपासलं, सवय.

मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं की नाव लिहिलं म्हणजे पास केलं असं नाही.

गुरुवार

त्या दिवशी वारा होता. पाण्यावर लहान लहान पांढरे तुरे उठत होते. आमच्याकडे असं पाणी बघितलं की किल्ल्यावर नेणाऱ्या होडीवाल्यांतले अर्धे विडी पेटवून बसतात आणि पाहुण्यांना वाट बघायला लावतात.

मी आणि आमिनाथबाई धक्क्यावर उभे होतो. विमान रोजच्यासारखं पाहुण्यांच्या फेरीला गेलं, दिसेनासं झालं, परत आलं. खाली आलं, आणि पाण्याला टेकणार एवढ्यात पुन्हा वर उठलं आणि निघून गेलं. नापास, मी ठरवून टाकलं. बाईंनी माझा दंड धरला, मग सोडला.

विमानाने लांब वळसा घेतला आणि या वेळी बेटाच्या आडोशाने, जिथे पाणी शांत होतं तिथून आलं. फसफस झाली. होडी झाली. मुग्धा अनवाणी उतरली, दोर फेकला, पहिल्या फेकीत अडकला. कॅप्टन नसीर तिच्या मागून धक्क्यावर आले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "पहिल्या खेपेला ती उतरली असती तर मी तिला पास केलं नसतं."

मला ते वाक्य समजायला तिथे उभं राहून थोडा वेळ लागला: त्या पांढऱ्या तुऱ्यांवर न उतरणं हीच परीक्षा होती. मुग्धा दोराची गाठ बघत होती. मी तिच्याकडे गेलो. या वेळी हात कुठे ठेवायचे ते मला ठाऊक होतं, पण ती म्हणाली, "बाबा, थांब, आधी बॅगा उतरवतंय."

मी धक्क्यावरूनच घरी फोन लावला. म्हटलं, पास झालां. कायम केल्यानी. पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग ऐकू आलं की शुभदाने फोन कानापासून बाजूला धरलाय आणि ती बोलते आहे, पण माझ्याशी नाही. शेजारच्या बाईशी, आणि तिच्यापलीकडच्या अख्ख्या आळीशी, ज्या आवाजात ती गेली दोन-अडीच वर्षं बोलली नव्हती त्या आवाजात:

"नाय गो, चेडू काय आता येवचां नाय. कायम केल्यानी तेका. पायलट आसा तां, सवड मिळाक होयी मा?"